समुद्र दिसणारी खोली

फाटक तेच होतं. फोनमधल्या फोटोत होतं तसंच निळं, वरच्या पट्टीवरून गंजाचे दोन ओघळ आलेलं, आणि शेजारच्या खांबावर काचेच्या पेटीत हात पसरून उभा असलेला संत.

"बघा मामी," जावई फोन माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणाले, "हा फोटो आणि हे फाटक. ओघळसुद्धा दोनच. पोचलो एकदाचे."

आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. जयवंतराव तेव्हा चिपळूणला एका बँकेत अधिकारी होते. माझी मुलगी वृषाली मागे रिक्षातून बॅगा उतरवून घेत होती. श्रीलंकेतलं नेगोंबो नावाचं गाव, सकाळचे साडेदहा. ऊन आमच्या हर्णैसारखंच आणि वाससुद्धा तोच, वाळत घातलेल्या मासळीचा. पासपोर्ट काढला, विमानात बसले, डोळे मिटून समुद्र ओलांडला आणि उतरले तर पुन्हा सुकटीच्या वासात.

फाटकाच्या आत एक बाई अंगण झाडत होती. माझ्याच वयाची, अंगात फुलाफुलांचा झगा, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा. तिने आधी आमच्या बॅगांकडे बघितलं, मग आमच्याकडे. खराटा भिंतीला टेकवला आणि फाटकाजवळ येऊन म्हणाली, "नो."

"गुड मॉर्निंग मॅडम," जयवंतराव म्हणाले. "वी हॅव बुकिंग. मिस्टर नील."

"नो मिस्टर नील."

"हाऊस ओनर. नील."

"आय ओनर," बाई म्हणाली. छातीवर हात ठेवून तिने आपलं नाव सांगितलं, मिसेस फर्नांडो. मग आमच्याकडे बोट करून म्हणाली, "यू नंबर सेव्हन."

"सेव्हन काय?" वृषालीने विचारलं.

जयवंतरावांनी इंग्रजीत दोन-तीन प्रश्न केले. बाईने तुटक उत्तरं दिली. त्यांचा चेहरा उतरत गेला तसं माझ्या लक्षात आलं, पण ते मराठीत कधी सांगतात याची मी वाट बघत राहिले.

"या वर्षात सामान घेऊन आलेलं आपलं हे सातवं कुटुंब," ते म्हणाले. "तिने घर कोणाला भाड्याने दिलेलंच नाही. कोणीतरी रस्त्यावरून फाटकाचा फोटो काढलाय."

"आणि आतल्या खोल्यांचे फोटो?"

"कुठल्या घराचे, देव जाणे."

त्यांनी नीलला फोन लावला. तो बंद होता. पुन्हा लावला. रिक्षावाला अजून गेला नव्हता. त्याला पुढचं कळलं असावं, कारण त्याने रिक्षा बंद करून विडी पेटवली.

"तुम्ही!" वृषालीने नवऱ्याकडे तोंड केलं. "गावोगाव जाऊन लोकांना भाषणं देता ना? अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, गोड बोलण्याला भुलू नका. बँकेने त्यासाठी शाल-नारळ दिला तुम्हाला! आणि चार दिवसांचे सगळे पैसे आधी पाठवून मोकळे झालात? ते पण आईचे!"

"अगं, त्याने सूट दिली..."

"सूट! घरात एकतीस वर्षं खोल्या भाड्याने देणारं माणूस बसलंय. आईला एकदा विचारायचं तरी!"

 जयवंतरावांनी एकदा फक्त माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नीलचा नंबर लावला.

त्या चार दिवसांवर माझा किती जीव होता ते सांगायला हवं. मालक गेले तेव्हा वृषाली सहावीत होती. घराच्या मागच्या अंगाला मी दोन खोल्या काढल्या, नंतर तिसरी. हर्णैला येणाऱ्या पाहुण्यांची एकतीस वर्षं अंथरुणं घातली, चादरी धुतल्या, पहाटे बंब पेटवले, सुरमई तळली. कोणी विचारलं, "काकी, तुम्ही कुठे फिरायला जात नाही का?" तर मी हसायचे. मी तोवर एकही रात्र दुसऱ्याने घातलेल्या अंथरुणावर पाहुणी म्हणून झोपले नव्हते. लेकीकडे जायचे ती सुद्धा दिवसाउजेडी परत यायचे. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे माझ्या आईने लावलेलं वळण.

म्हणून जयवंतराव म्हणाले, "मामी, आपण तिघं श्रीलंकेला जाऊ, विमान दोन-अडीच तासांचं आहे," तेव्हा मी एक अट घातली. विमानाचे पैसे तुमचे, राहण्याचे माझे. जावयाच्या पैशाने मी झोपणार नाही. आणि एक हट्ट धरला. खाटेवर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे.

यावर वृषाली पोट धरून हसली होती. "तुझ्या पाटीवर आहे तसा?"

ती पाटी म्हणजे माझ्या घरावरची. खोल्या सुरू केल्या तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. दापोलीच्या पेंटरला सांगितलं, सगळे लिहितात ते लिही. त्याने लिहिलं. पुढची कितीतरी वर्षं पाहुणे सामान ठेवून आधी खिडकी उघडायचे आणि विचारायचे, "काकी, समुद्र कुठाय?" मी हात करून सांगायचे, "तिकडे." मला वाटायचं, वाट विचारतायत. पुढे बचत गटात अंगठा चालेना म्हणून बावन्नाव्या वर्षी पाटी-पेन्सिल घेतली, आणि अक्षरं जुळवून वाचता आल्यावर एक दिवस माझ्याच दारावरचं वाचलं: 'प्रत्येक खोलीतून समुद्रदर्शन.' माझ्या घरातून समुद्र दिसतो तो फक्त न्हाणीघराच्या झरोक्यातून, आणि तो पण पालथ्या बादलीवर उभं राहिलं तर.

पाटी मी बदलली नाही. रंग अजून चांगला होता.

तर आता नेगोंबोला आम्ही तिघं बॅगांवर बसलो होतो. जयवंतरावांनी दोन हॉटेलांना फोन केले. तिथला भाव ऐकून वृषाली म्हणाली, "त्यापेक्षा विमानतळावर बसू." परतीची तिकिटं रविवारची, आज बुधवार. मिसेस फर्नांडो फाटकाच्या आत उभी राहून आमच्याकडे बघत होती. हाकलत नव्हती, आत घेत नव्हती.

मी उठले. फाटकातून मागच्या बाजूला एक वेगळं दार दिसत होतं. त्याला स्वतःची पायरी होती, बाहेरून कडी होती, आणि पायरीशी पाय पुसायची गोणपाटाची घडी. असं दार घरातल्या माणसांसाठी कोणी करत नाही. मी त्या दाराकडे बोट केलं.

"नो," मिसेस फर्नांडो म्हणाली.

मी बोट खाली घेतलं नाही.

ती काहीतरी पुटपुटली. "ती म्हणते," जयवंतरावांनी सांगितलं, "नवरा असताना खोली द्यायची. आता चार वर्षं बंद आहे. राहायला देण्यासारखी नाही."

"तिला म्हणावं, मीच झाडून घेईन."

"मामी, अहो, अशी कशी देईल ती?"

"तुम्ही म्हणा तर."

त्यांनी सांगितलं. बाईने माझ्या हातांकडे बघितलं. साबणाच्या पाण्याने बोटांची कातडी कशी होते ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिने फाटकाची कडी काढली, पण वाटेतून बाजूला झाली नाही. एक एक बोट मोडत सांगायला लागली.

"नो फिश इन रूम."

"मासळी खोलीत आणायची नाही," जयवंतराव म्हणाले.

"नो वेट क्लोथ," कठड्याकडे हात करून ती म्हणाली. "नो नॉइज. नो बिअर. नाइन ओक्लॉक, गेट क्लोज."  आमच्या हातातल्या फोनकडे, त्यातल्या निळ्याशार खिडकीच्या फोटोकडे बघून तिने आणखी एक बोट मोडलं. "नो सी."

"समुद्र दिसत नाही म्हणते," जयवंतराव खाली मान घालून म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. "घ्या बॅगा," मी म्हटलं. "घर खरं आहे."

खोली तशीच निघाली. लोखंडी दोन खाटा, एक गादी जमिनीवर, खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजाऱ्याची भिंत. भिंतीवर शेवाळं. वृषाली तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, झोपल्या झोपल्या बघ हो तुझा समुद्र." मग तीच रडायला लागली. जयवंतराव तिला समजवायला गेले तर म्हणाली, "तुम्ही बोलूच नका. आईने जन्मात एक गोष्ट मागितली होती."

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मी पिशवीतून चादर काढून झटकत राहिले. चांगली दोन-तीनदा झटकली.

दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला जाग आली. बाहेर येऊन बघते तर अंगणात फणसाची पानं पडलेली, खराटा भिंतीला टेकलेला. मी पदर खोचला आणि झाडायला सुरुवात केली. अर्धं अंगण झालं नसेल, तोच मागून आवाज आला, "नो!"

मिसेस फर्नांडोने माझ्या हातातून खराटा ओढून घेतला. मी म्हटलं, "अहो, असू दे, हाताला सवय आहे." तिला काय कळणार? तिने मला दंडाला धरून स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलं. आत गेली आणि कपबशीतून चहा घेऊन आली. कोरा, साखर वेगळी. बशीत गुळाचा खडा. मी उठायला गेले की म्हणायची, "नो. यू गेस्ट."

मी बसले. एकतीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं, आणि ज्याने गोड आवाजात म्हटलं होतं तो नील पैसे घेऊन पसार झाला होता. ही बाई दटावून म्हणत होती.

ती समोर पाटावर बसून मासे साफ करायला लागली. आमच्याकडे बांगडा कापतात तसाच, आधी डोक्याकडून. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. कदाचित म्हणूनच मला बोलावंसं वाटलं.

"मिसेस फर्नांडो," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगते. जावयाची काही चूक नाही."

तिने मान हलवली आणि खवलं काढत राहिली.

"पैसे पाठवायच्या आधी ते माझ्याकडे आले होते. हर्णैला, वृषालीला न सांगता. पडवीत बसून त्या माणसाचा आवाज मला फोनवर ऐकवला, आणि तो काय बोलतो ते मराठीत सांगितलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत. तो म्हणाला, एकही पायरी नाही. गॅसवर आपलं जेवण करू? म्हणाला, खुशाल करा. रात्री उशीर झाला तर? कधीही या. कपडे कुठे वाळवायचे? कुठेही वाळवा. खाटेवरून समुद्र? उशीवरून दिसतो म्हणाला. वेबसाइटवरून नको, ते मध्ये पैसे खातात, मला थेट पाठवा, कमी करतो. आता हे तर मीसुद्धा माझ्या पाहुण्यांना सांगते! मग जावई म्हणाले, 'मामी, मला जरा शंका येते. तुम्ही या धंद्यातल्या. माणूस खरा वाटतो का?'"

मिसेस फर्नांडोने माशाचं पोट फाडलं.

"मला कळलं होतं हो. त्याच क्षणी कळलं. खोली देणारा माणूस आधी कटकट करतो. हे चालणार नाही, ते करायचं नाही. चादर त्याला धुवायची असते, पाणी त्याला भरायचं असतं. ज्याच्याकडे धुवायला चादरच नाही, तोच सगळ्याला हो म्हणतो. एवढं मला कळलं. आणि मी म्हटलं, 'खरा वाटतो. पाठवा पैसे.'"

तिने वर बघितलं. माझा आवाज बदलला असेल.

"मनाची समजूत घातली की जावयाने ठरवलंय, त्याला नाही कसं म्हणायचं. आमच्यात जावयाला सासू नाही म्हणत नाही. पण ते खोटं आहे. ते 'नाही' ऐकायलाच आले होते. मीच म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, तुम्हाला काय हवंय, आणि मी सांगेन त्याला हो म्हणत होतं. मला वाटलं, ऐकू या थोडं. खोटं तर खोटं." मी चहाचा घोट घेतला. "आता लेक त्यांना बोलते आणि मी चादर झटकते."

मिसेस फर्नांडोने साफ केलेला मासा पातेल्यात टाकला. मग माझ्या मागे कुठेतरी तिची नजर गेली आणि ती कोणाला तरी म्हणाली, "टी?"

मी वळून बघितलं. खांद्यावर टॉवेल टाकून, हातात दात घासायचा ब्रश घेऊन जयवंतराव दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ब्रश कोरडा होता.

"मामी," ते म्हणाले, "चहात साखर आहे का?"

"वेगळी आहे," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि नळाकडे गेले.

त्यावर त्यांनी ना तेव्हा काही विचारलं, ना नंतर.

चारही दिवस मिसेस फर्नांडोने मला कशाला हात लावू दिला नाही. समुद्र आम्ही चालत जाऊन बघितला, दहा मिनिटांवर होता. निघायच्या दिवशी जयवंतराव म्हणाले, या बाईंचा त्रास तरी थांबवू. बाजारातून एक फळी आणि काळ्या रंगाचा डबा आणला. त्यांनी इंग्रजीत लिहिलं की हे घर भाड्याने नाही, फोटो खोटा आहे. मिसेस फर्नांडोने खाली आपल्या लिपीत लिहिलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी म्हटलं, इथे मराठी कोण वाचणार? जयवंतराव म्हणाले, "लिहा हो. आपण आलोच की नाही?"

मग मी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: 'येथून समुद्र दिसत नाही. आधी पैसे भरू नका.'

वृषाली म्हणाली, "बघा, हे आईने आधी सांगितलं असतं. पण विचारतंय कोण?"

त्यानंतर जयवंतरावांची भाषणं आणखी चांगली होऊ लागली म्हणतात. ते स्वतःचीच गोष्ट सांगायचे. अनोळखी माणूस सगळ्याला हो म्हणायला लागला की सावध व्हा, आणि घरात जाणतं माणूस असेल तर त्याला विचारा. 'मी विचारलं नाही, फसलो,' असं म्हणायचे. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. दापोलीच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. परवा दिवाळीच्या सुटीत सांगलीचे एक शिक्षक पाहुणे म्हणून आले होते. लेक-जावईही आले होते. पडवीत चहा चालला होता. शिक्षकांनी फोन पुढे केला.

"काकी, गंमत बघा. कोणीतरी पाठवलंय. श्रीलंकेत मराठी पाटी!"

फोटोत निळं फाटक होतं. ओघळ आता चार-पाच झाले होते. पाटी टिकली होती, माझं वाकडं अक्षरसुद्धा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'या पाटीने आमचे पैसे वाचले नाहीत, पण घर मिळालं. आजी फार कडक आहे.'

"कोणी लिहिलं असेल हो एवढं सरळ?" शिक्षक म्हणाले. मग मान वर करून आमच्या दारावर बघत हसले. "आणि तुमची पाटी म्हणते, प्रत्येक खोलीतून समुद्रदर्शन. मी कालपासून शोधतोय, काकी. समुद्र आहे कुठे?"

माझा हात आपोआप वर गेला होता. जयवंतरावांनी पेपरवरून माझ्याकडे बघितलं. नेगोंबोच्या फाटकाबाहेर बघितलं होतं, तसंच.

मी हात खाली घेतला. "दिसत नाही," मी म्हटलं. "न्हाणीघराच्या झरोक्यातून दिसतो. बादली पालथी घालून उभं राहिलात तर."

शिक्षक खूश झाले. तसेच उठून न्हाणीघराकडे गेले.

"अगं बाई! आई आज खरं बोलली," वृषाली म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "बघितलंत? तेव्हा हिला एका शब्दाने विचारलं असतंत, तर पटकन सांगितलं असतं हिने."

मी कप खाली ठेवला. "वृषाली," मी म्हटलं, "तेव्हा यांनी..."

"मामी," जयवंतराव पेपरचं पान उलटत म्हणाले, "बादली कुठली दिलीत त्यांना? ती तडा गेलेली नाही ना? पाहुणे पडतील."

"अहो, मी काय सांगतेय..."

"चुकलंच माझं तेव्हा," ते वृषालीला म्हणाले. "किती वेळा कबूल करू?"

आणि तेवढ्यात न्हाणीघरातून शिक्षकांचा आवाज आला, लहान मुलासारखा. "काकी, दिसला! अहो, खरंच दिसला!"